टेबलाच्या पायाखालचा पिचर

"अंकल, तुमच्या दुकानातला सगळ्यात फालतू प्लेयर कोणता?"

ईश्वरीने हा प्रश्न विचारला तेव्हा तिच्या मागे दोन मैत्रिणी तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. एक उमैमा, दुसरी गिरिजा. पैज त्यांनीच लावली होती. "हिंमत असेल तर विचारून दाखव!" वर्षभरापूर्वीची ईश्वरी असती तर दारातूनच मागे फिरली असती. तेव्हा तिला ज्यूसवाल्याला "बर्फ नको" एवढंही सांगता यायचं नाही. पण यंदा बेसबॉलच्या मैदानावर उभं राहून तिचा आवाज मोकळा झाला होता. तिने विचारलं आणि चांगलं खणखणीत विचारलं.

दुबईच्या देरा भागातल्या त्या जुन्या वस्तूंच्या दुकानाचे मालक नूरुद्दीन. त्यांनी चहाचा कागदी कप बाजूला ठेवला, वाकून टेबलाचा पाय एका हाताने उचलला आणि त्याच्या खालून मला ओढून काढलं.

"ये लो मोले," ते म्हणाले. त्यांच्या केरळात लेकीला मोले म्हणतात. "सबसे फालतू यही है. पर टेबल अच्छा सँभालता है."

मित्रांनो, तो सगळ्यात फालतू प्लेयर म्हणजे मी.

मी एक जुनं बेसबॉल कार्ड आहे. पत्त्याएवढं, जाड कागदाचं. माझ्या पुढच्या बाजूला ओवेन टॅरंट नावाच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाचा फोटो आहे. तो पिचर आहे. पिचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला बोलरच, फक्त तो धावत येत नाही आणि त्याचा चेंडू टप्पा घेत नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहून तो सरळ फेकतो. फोटोत ओवेनचा एक पाय हवेत आहे, जीभ दातांत धरलेली आहे आणि डोळ्यांत असं काही आहे, की आता हा चेंडू गेलाच म्हणून समजा!

माझा जन्म अमेरिकेतल्या एका छापखान्यात झाला. आम्ही भावंडं एकाच मोठ्या कागदावर शेजारी शेजारी छापली गेलो. मग पातं खाली आलं आणि आमची ताटातूट झाली. चकचकीत पाकिटात मी किती स्वप्नं बघितली म्हणून सांगू! कुणीतरी मला उघडेल, "अरे वा, ओवेन!" म्हणून ओरडेल, काचेच्या कपाटात ठेवेल. उघडलं एका मुलाने. त्याने फोटो बघितला आणि तो हसला. मग मला उलटं केलं. आणि तिथेच सगळं बिघडलं.

कारण माझ्या पाठीवर आकडे आहेत. पहिलाच ठळक आकडा आहे तो नऊ डावांमागे पिचरने किती धावा दिल्या याचा. हा आकडा कमी असावा लागतो. ओवेनचा मात्र असा फुगलेला, की बघणाऱ्याचं तोंडच कडू व्हावं. त्या मुलाने मला डब्यात टाकलं. पुढे त्याच्या वडिलांना दुबईत नोकरी लागली, डबाही आला. ते परत गेले तेव्हा इथले लोक करतात तसं घरातलं सगळं विकून गेले, डब्यासकट. नूरुद्दीनच्या दुकानात माझी भावंडं एकेक करून गेली. गिऱ्हाईक मला उचलायचं, उलटायचं, ठेवून द्यायचं. शेवटी टेबल डुगडुगायला लागलं आणि मला काम मिळालं.

टेबलाखाली काय असतं, मित्रांनो? धूळ असते, चपला असतात आणि एसीतून ठिबकणारं पाणी आपल्यापर्यंत पोचेल का याची काळजी असते. तिथे पडल्या पडल्या मलाही पटून गेलं होतं की मी फालतूच आहे.

"कितने का?" ईश्वरीने विचारलं.

"फालतू का क्या पैसा? ले जाओ. टेबल के लिए मैं दूसरा कोई ढूँढता हूँ."

बाहेर तिचे बाबा, सुरेशराव, सरकारी अर्ज टाइप करून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधून व्हिसाचे कागद घेऊन येत होते. मेट्रोत उमैमाने मला हातात घेतलं. "यार, ये तो सच में सबसे बेकार है."

गिरिजाकडे कार्डांचा मोठा संग्रह होता, प्रत्येक कार्ड कडक प्लास्टिकच्या खोळीत. तिने मला दोन बोटांच्या चिमटीत धरलं आणि मोबाइलवर शोधलं. "हा अजून खालच्याच लीगमध्ये आहे गं. चार वर्षं झाली! रन्स बघ ना याचे. नो होप."

ईश्वरीने मला तिच्याकडून परत घेतलं. तिने मला मोबाइल आणि त्याच्या पारदर्शक कव्हरच्या मध्ये सरकवलं. पाठ बाहेर. आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "तू पण शेवटचा, मी पण शेवटची."

तेव्हा कुठे मला तिची गोष्ट कळायला लागली.

ईश्वरी नववीत होती आणि डावखुरी पिचर होती. तिच्या क्लबात दोन संघ होते. फाल्कन्समध्ये सगळे तयार खेळाडू. ओरिक्समध्ये बाकीचे, म्हणजे काल ग्लोव्ह घातलेले, उमैमासारखे नुसते हौसेने आलेले, आणि ईश्वरी. त्यांचे फिलिपिनो कोच रामिल दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर सगळ्या पिचरांचा तक्ता टाकायचे. कुणी किती धावा दिल्या, बस, एवढाच रकाना. ईश्वरी दर वेळी तळाला. आणि कोचने सांगून ठेवलं होतं, मार्चमधल्या शेवटच्या मॅचनंतर जो तळाला असेल, त्याने चेंडू दुसऱ्याला द्यायचा आणि मागे मैदानात उभं राहायचं.

त्यावर घरात बाबांनी आपला एक नियम जोडला होता. "पिचर असशील तर खेळ. माझी ना नाही. पण पुढचं वर्ष दहावीचं. उन्हात नुसतं उभं राहायला पाठवणार नाही मी."

"बाबा, दॅट्स सो अनफेअर!"

"अनफेअर काय त्यात? तक्ता मी बनवतो का?"

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या घरी हा वाद रोज भाजीबरोबर वाढला जायचा. मी मोबाइलच्या पाठीवर, टेबलावर पालथा. मला सगळं ऐकू यायचं. ती पिचिंगबद्दल बोलायला लागली की तिची बोटं आपोआप चेंडू धरल्यासारखी वळायची, तीही मला कव्हरवरून जाणवायची. ते काढून घेतलं तर ही मुलगी पुन्हा ज्यूसवाल्यापुढे गप्प उभी राहील, अशी मला भीती वाटायची.

एका शुक्रवारी बाबा टीव्हीवर क्रिकेट बघत होते. मध्येच ते सोफ्यावरून उठलेच.

"सुटला! अरे, सुटला रे! लोण्यासारखा कॅच! आता त्या बोलरने काय स्वतःच पळत जाऊन पकडायचा?"

"अहो, शेजारी माणसं राहतात," आतून आई म्हणाली. तिचं नाव विभावरी.

ईश्वरी मोबाइलवरून मान वर करून म्हणाली, "बाबा, पण ह्या रन्स कुणाच्या नावावर लागणार?"

"बोलरच्याच! हाच तर अन्याय आहे. बिचाऱ्याने बॉल टाकलाय काय सुंदर, आणि आकड्यात दिसणार काय, तर मार खाल्ला."

"बाबा," ईश्वरी सावकाश म्हणाली, "परत बोला."

"काय परत बोला?"

"आत्ता बोललात ते."

बाबांना काहीच कळलं नाही. पण तिने मोबाइल उलटा केला आणि पहिल्यांदाच माझी पाठ पहिल्या आकड्याच्या पुढे वाचली.

मित्रांनो, इतक्या वर्षांत तिथपर्यंत कुणी गेलंच नव्हतं! त्या फुगलेल्या आकड्याच्या पुढे आणखी दोन आकडे आहेत. एक स्ट्राइकआउटचा. फलंदाजाला तीनदा चुकवून पिचरने एकट्याने बाद केलं, की तो धरतात. दुसरा वॉकचा. चेंडू सारखा बाहेर टाकला की फलंदाज फुकटात चालत पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर जातो, तो. या दोन्हींत मागे उभ्या असलेल्यांचा हात नसतो. जे काही आहे ते पिचरचं स्वतःचं. ओवेनचे स्ट्राइकआउट भरपूर होते आणि वॉक अगदी थोडे. हातातला कॅच सुटला तर बेसबॉलमध्ये ती चूक वेगळी लिहितात, पण जिथे पोचायला हवं तिथे मागचा गडी पोचलाच नाही, तर ते पिचरच्या माथी. ओवेनच्या मागे बहुधा सगळे रमतगमत पळणारे होते.

"आई! हा फालतू नाहीये! ह्याच्या मागचे फालतू आहेत!"

आई दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या मसाल्याच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला होती. ती हात पुसत बाहेर आली, मला नीट वाचलं आणि म्हणाली, "असेल. पण हा एकाच वर्षाचा नमुना आहे ना? आमच्याकडे एका पाकिटावरून अख्खी बॅच फेल करत नाहीत. आणि पासही करत नाहीत."

मग दोघींनी मिळून ओवेनची पुढची वर्षं शोधली. तेच होतं. धावा जास्त, स्ट्राइकआउट जास्त, वॉक कमी. दर वर्षी तेच. आई भुवई उंचावून म्हणाली, "आता बोल. आता बोलायला जागा आहे."

ईश्वरी माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोक्यात जे आलं ते माझ्याही आलं होतं. "आणि माझे आकडे?"

दोन्ही संघांतल्या मुलांचे आईबाप प्रत्येक मॅचचे व्हिडिओ ग्रुपवर टाकायचे. तिने ते सगळे बघायला घेतले, आपला आणि बाकीच्या पिचरांचा एकेक चेंडू मोजत. अख्ख्या क्लबात तिच्याएवढे स्ट्राइकआउट फक्त फाल्कन्सच्या एका मुलाचे होते आणि वॉक तर तिचे सगळ्यांत कमी! ती गादीवर उड्या मारायला लागली. मी मोबाइलसकट उडत होतो. आणि एकदम ती थांबली.

कारण कोचच्या तक्त्यात सुटलेल्या कॅचच्या धावाही पिचरच्याच माथी होत्या, आणि व्हिडिओत अशा कॅचखाली बहुतेक वेळा एकच मुलगी होती. उमैमा.

दोन दिवस ती उमैमाशी नीट बोलली नाही. कोचकडे जायचं तर हे सांगावं लागणार, आणि हे सांगायचं म्हणजे मैत्रिणीचं नाव घ्यायचं. शेवटी उमैमानेच तिला जिन्यात गाठलं.

"क्या हुआ तुझे? मुँह क्यों फुलाया है?"

ईश्वरीने अडखळत सगळं सांगितलं. उमैमा अशी हसली की जिना दणाणला. "हबीबी, बोल दे कोच को! मेरे हाथ में तो शवर्मा नहीं टिकता, बॉल क्या टिकेगा?" पण हसून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "मैं जान के नहीं छोड़ती, हाँ."

"आय नो, यार," ईश्वरी म्हणाली.

शेवटच्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी गिरिजा धापा टाकत आली. "ईशू! तुझा ओवेन! त्याला मोठ्या लीगमध्ये घेतलं! आजच! कुठाय तो? दे मला, त्याच्या बदल्यात माझी कुठलीही तीन कार्डं घे. कुठलीही!"

मित्रांनो, केवढा आनंद व्हायला हवा होता मला! ज्याला कुणी उचलत नव्हतं त्याच्यासाठी बदल्यात तीन तीन कार्डं. पण हे मला नंतर कळलं, कारण मी काही तिथे नव्हतो. मी देरात होतो, बाबांच्या खिशात. त्यांनी सकाळीच मला गुपचूप कव्हरमधून काढलं होतं. मला वाटलं, संपलं. पुन्हा टेबलाखाली.

बाबा घरी आले ते दारातूनच हसत. "ईशू, डोळे मीट. हात पुढे कर."

तिने हात पुढे केला. त्यांनी त्यावर मला ठेवलं. मी अजून गरम होतो.

"टायपिंग सेंटरमध्ये गेलोच होतो, म्हटलं तुझ्या ओवेनलाही लॅमिनेट करून घेऊ. कोपरे बघ ना कसे गेले होते. आता पाणी सांडू दे, काही सांडू दे. आणि हे भोकही पाडून घेतलं कडेला. आमच्या ऑफिसची दोरी अडकवली. गळ्यात घाल!"

गिरिजाने कपाळावर हात मारला. "काका! लॅमिनेट? ओरिजिनल कार्ड? खलास! आता याला कुणी हात लावणार नाही!"

"का? चांगलं केलंय की. माझी दहावीची मार्कशीट बघ, आजही काल मिळाल्यासारखी आहे."

"काका, याची मार्कशीट नसते करायची!"

बाबांचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी ईश्वरीकडे बघितलं. "चुकलं का गं माझं?"

ईश्वरीच्या तोंडाचा आ तसाच होता. तिने मला उलटंपालटं केलं. ओवेनची जीभ प्लास्टिकखाली तशीच दातांत होती. पाठीवरचे आकडे तसेच होते, उलट आणखी चकाकत होते. आणि तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोट धरून.

"बाबा! तुम्ही त्याला ऑफिसला लावलंत!"

"अगं, पण किंमत गेली ना त्याची?" बाबा अजून बिचारे उभेच.

"कार्डाची गेली. ओवेनचे स्ट्राइकआउट गेले का?"

मित्रांनो, मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! जन्मल्यापासून मी याच धास्तीत होतो, की आता कुणीतरी मला उलटून बघेल, भाव करेल, ठेवून देईल. ते आता मिटलं. मला आता कुणी विकू शकत नव्हतं. मी ईश्वरीचा झालो होतो, पक्का, चारही बाजूंनी सीलबंद.

शनिवारी सकाळी मैदानावर ती मला गळ्यात घालून गेली. आणि सरळ कोच रामिलसमोर उभी राहिली. या वेळी कुणी पैज लावली नव्हती.

"कोच, तुमच्या तक्त्यात फक्त धावा का आहेत?"

हे सगळं ती इंग्रजीत बोलली. मी आपलं मराठीत सांगतोय. कोच शिट्टी पुसत होते, ते थांबले. तिने दोरी ओढून मला पुढे केलं आणि आधी ओवेनचं सांगितलं, मग स्वतःचं. मैत्रिणीचं नाव तिने घेतलं नाही. पण उमैमा मागून ओरडलीच, "कोच, इट वॉज मी!"

कोचनी मला दोनदा वाचलं. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "आधी खेळ. मग मी व्हिडिओ बघतो."

मला जाळीला अडकवलं होतं. तिथून मी अख्खी मॅच बघितली. एका डावात चेंडू उंच उडून थेट उमैमाकडे गेला. सगळा ओरिक्स संघ श्वास रोखून उभा. उमैमाने दोन्ही हात वर केले, चेंडू ग्लोव्हवर बसला, उडाला आणि खाली पडला. धावा गेल्या. पूर्वी अशा वेळी ईश्वरी आधी धावफलकाकडे बघायची आणि मग तिचा पुढचा चेंडू बिघडायचा. या वेळी तिने वळून उमैमाला नुसता अंगठा दाखवला, जीभ दातांत धरली आणि पुढच्या फलंदाजाला तीन चेंडूंत घरी पाठवलं.

ओरिक्स हरले. चांगले सडकून हरले. जुन्या तक्त्यात ईश्वरी पुन्हा तळाला गेली.

रविवारचा दिवस फार वाईट गेला. ती मोबाइल हातात घ्यायची, ठेवायची. आईने पोहे पुढे केले ते तसेच गार झाले. बाबा पेपर उलटा धरून बसले होते म्हटलं तरी चाललं असतं. संध्याकाळी मोबाइल वाजला. कोचचा नवा तक्ता आला होता. त्यात स्ट्राइकआउटचा रकाना होता, वॉकचा रकाना होता आणि त्या दोन्हींत मिळून पहिलं नाव होतं ईश्वरीचं. खाली कोचनी लिहिलं होतं, "तू पिचरच राहणार. मी चुकीचं मोजत होतो. आणि पुढच्या वर्षी फाल्कन्समध्ये ये. तिथे तुझे कॅच कुणी सोडणार नाही."

आईने "हुश्श!" म्हणून तिथेच बैठक मारली. बाबांनी तर मला हुकावरून काढून माझाच मुका घेतला, प्लास्टिकवर. "फाल्कन्स! विभा, साखर आण! आता बघ हिचा आकडा कसा चमकतो!"

ईश्वरी मात्र माझी पाठ वाचत होती.

मित्रांनो, मी काही फार शहाणा नाही, चार वर्षांत फक्त एका टेबलाला आधार दिला आहे. पण एक मागणं मागतो. तुमच्या वर्गात, संघात, बिल्डिंगमध्ये कुणीतरी तक्त्याच्या तळाशी असेल. त्याला टेबलाच्या पायाखाली सरकवण्याआधी एकदा उलटून बघा. पहिल्या आकड्यावर थांबू नका. आणि तो आकडा तुमचाच असेल, तर तुम्हीही थांबू नका. आम्हाला काचेचं कपाट नको असतं. कुणीतरी शेवटपर्यंत वाचलं की पुरे.

ईश्वरीने मला गळ्यात अडकवलं आणि ती सोफ्यासमोर जाऊन उभी राहिली. नूरुद्दीनच्या दुकानात उभी होती तशीच.

"आई, बाबा, आय हॅव डिसाइडेड. मी फाल्कन्समध्ये जाणार नाहीये. मी ओरिक्समध्येच पिचिंग करणार, उमैमा मागे असताना. धावा जाऊ देत. माझं काय आहे ते मला माहितीये. दहावीचा अभ्यास मी करीन, प्रॉमिस. आणि बाबा, उद्यापासून रोज संध्याकाळी तुम्ही खाली येणार आहात. उमैमाला कॅच पकडायला शिकवायचंय, आणि आपल्या घरात त्यावर सगळ्यात जास्त ओरडतं कोण, ते मला माहितीये. यल्ला, चपला घाला, आजपासूनच सुरू करू."